लहान मुलांना घेऊन शांत किनाऱ्यावर जाताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात सहा वर्षांचा मुलगा आणि अडीच वर्षांची मुलगी, सोबत आजीही येणार. गर्दीच्या किनाऱ्यांचा कंटाळा आलाय, म्हणून एक दिवस माणसांची वर्दळ नसलेल्या किनाऱ्यावर घालवायचाय. किनारा कसा निवडायचा, किती वाजता जायचं, सोबत काय घ्यायचं, आणि मुलगी लाटांना घाबरते त्याचं काय करायचं?

मी बरीच वर्षं समुद्रावर जीवरक्षकाचं काम केलंय आणि आता नव्या जीवरक्षकांना शिकवतो. त्यामुळे माझं उत्तर सामानाच्या यादीपासून सुरू होणार नाही, पाण्यापासून होईल. सामान विसरलं तर थोडी गैरसोय होते, पाण्याचा अंदाज चुकला तर ते निस्तरता येत नाही.

जरूर जा. शांत किनाऱ्यावर मुलं जशी रमतात तशी गर्दीत रमत नाहीत. कुणाचा धक्का नाही, कर्णे नाहीत, तासभर एकाच खेकड्याच्या बिळापाशी बसलं तरी कुणी उठवायला येत नाही. पण एक गोष्ट निघण्याआधीच लक्षात घ्या. गर्दीच्या किनाऱ्यावर तुमच्या मुलांवर तुमच्याशिवाय आणखी पन्नास जणांची नजर असते. कुणीतरी ओरडतं, कुणीतरी धावतं, बऱ्याच ठिकाणी जीवरक्षक असतो. शांत किनाऱ्यावर यातलं काहीच नसतं. तिथे जीवरक्षकाचं काम तुम्हालाच करायचं असतं. हे काम आहे असं मानून ते घरातल्या मोठ्यांनी आधीच वाटून घेतलं, तर दिवस सुंदर जातो. पुढे जे सांगतोय ते सगळं याच एका गोष्टीतून आलेलं आहे.

हा किनारा रिकामा का आहे?

पहिला प्रश्न हाच विचारा. कधी कारण साधं असतं: रस्ता वाईट, मुक्कामाची सोय नाही, फारसं कुणाला ठाऊक नाही. कधी कारण पाण्यात असतं, आणि आसपासच्या माणसांना ते पक्कं माहीत असतं. त्यांना 'इथे सुरक्षित आहे का?' असं विचारू नका. पाहुण्याला बरं वाटावं म्हणून 'हो, काही नाही होत' असंच उत्तर येतं. 'तुमची स्वतःची मुलं कुठे उतरतात? कुठे त्यांना अजिबात जाऊ देत नाही?' असं विचारा. समोरचा माणूस लगेच बोट दाखवून सांगतो, त्या खडकाच्या पलीकडे नाही, खाडीच्या तोंडाशी नाही. मासेमारी करणारे आणि किनाऱ्यालगत राहणारे लोक दोन मिनिटांत जे सांगतात ते कुठल्याही नकाशावर सापडत नाही. विचारायला कुणी भेटलंच नाही, तर मुलांना गुडघ्याच्या वर पाण्यात नेऊ नका.

किनाऱ्यावर पोचलात की वाळू हातात घ्या. बारीक, घट्ट बसलेली, पाऊल फारसं न रुतणारी वाळू असेल तर किनारा सहसा सपाट असतो. लाट लांबवर फुटते आणि तुमच्यापर्यंत येईस्तोवर तिचा नुसता फेस उरतो. लहान मुलांना असा किनारा हवा. वाळू जाडी, खड्यांसारखी आणि पाऊल घोट्यापर्यंत रुतवणारी असेल तर उतार तीव्र असतो. तिथे लाट अगदी काठावर, थेट वाळूवर आपटते आणि परतताना तितक्याच जोराने ओढते. ही काठावर आपटणारी लाट दिसायला फार मोठी नसते, पण ती मोठ्या माणसालाही डोक्यावर आदळवू शकते. मानेच्या मणक्याच्या गंभीर दुखापती अशा लाटांत होतात. दोन पावलांवर पाणी कमरेला लागत असेल तर तो किनारा बघायला कितीही देखणा असो, अडीच वर्षांच्या मुलीला घेऊन पाण्यात जाण्याचा नाही. तिथे वाळूत खेळा, पाण्यात जाऊ नका.

नदी किंवा खाडी जिथे समुद्राला मिळते ती जागा मुलांसाठी पूर्ण वर्ज्य. पाणी गढूळ, तळ कधी चिखलाचा तर कधी एकदम खोल, आणि ओहोटीला सगळं पाणी तिथूनच समुद्राकडे धावतं. वरून संथ दिसतं म्हणून लोक तिथेच मुलांना उतरवतात.

शांत दिसणारी पट्टी

आता जीवरक्षक म्हणून सगळ्यात कळकळीची गोष्ट. गाडीतून उतरल्यावर मुलांना लगेच सोडू नका. जरा उंच जागी, वाळूच्या उंचवट्यावर उभे राहा आणि दहा मिनिटं नुसतं पाणी बघा. लाटा टप्प्याटप्प्याने येतात, काही लहान, मग चार-पाच मोठ्या. त्यामुळे एक नजर टाकून काही कळत नाही.

किनाऱ्यावर फुटलेल्या लाटांचं पाणी कुठूनतरी परत जायलाच हवं. ते बहुतेक वेळा वाळूच्या दोन उंच पट्ट्यांमधल्या खोलगट वाटेने, अरुंद प्रवाहाने समुद्राकडे जातं. याला रिप करंट म्हणतात. मासेमारी करणारे साध्या भाषेत 'इथे ओढ आहे' म्हणतात. तो ओळखायचा कसा? डावी-उजवीकडे पांढऱ्या लाटा फुटत असतात आणि मध्येच एका पट्टीत लाटा फुटत नाहीत. तिथलं पाणी जरा गडद, कधी वाळू ढवळल्याने मातकट दिसतं, आणि फेस किंवा काटक्या किनाऱ्याकडे येण्याऐवजी बाहेर वाहत जातात. घोळ इथेच होतो. लहान मूल असलेला बाप बघतो की डावीकडे लाटा आहेत, उजवीकडे लाटा आहेत, मध्ये छान संथ पाणी आहे, आणि मुलाला नेमकं तिथे घेऊन जातो. लाटा नाहीत म्हणजे धोका नाही असं त्याला मनापासून वाटत असतं. खरं तर लाट न फुटण्याचं कारण तिथली खोली असतं.

हे प्रवाह सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेगाने जातात, पण जोरात असताना अडीच मीटरच्या जवळपासही मोजले गेलेत. जगातले सर्वात वेगवान पोहणारे पन्नास मीटरच्या शर्यतीत साधारण याच वेगाने जातात. म्हणून प्रवाहाच्या उलट पोहून कुणी परत येत नाही, दमतो. माणसं दमून बुडतात. हा प्रवाह माणसाला खाली खेचत नाही, फक्त बाहेर नेतो आणि लाटा फुटण्याच्या रेषेपलीकडे बहुतेक वेळा मंदावतो. त्यात सापडलात तर पाठीवर तरंगा, हात वर करून मदत मागा, आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर, जिकडे लाटा फुटताना दिसतात तिकडे सरका. तिथे पाणी उथळ असतं आणि लाटाच तुम्हाला किनाऱ्याकडे ढकलतात. तुमच्या सहा वर्षांच्या मुलाला यातलं एवढंच शिकवा: पाय टेकेनासे झाले तर पाठीवर झोप, आकाशाकडे बघ, हाक मार. घरी जमिनीवर झोपवून दोन-तीनदा करून घेतलंत तरी त्याच्या लक्षात राहतं.

खडकांच्या, धक्क्याच्या किंवा बांधाच्या कडेला हे प्रवाह बहुधा कायमचे वस्तीला असतात. खाडीसारखा आत वळलेला छोटा किनारा असेल तर दोन टोकांच्या खडकांपासून दूर राहा आणि मधल्या भागात बसा.

वाऱ्याकडेही लक्ष असू द्या. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा फसवा असतो. त्या दिवशी पाणी आरशासारखं दिसतं, कारण वारा लाटा दाबून टाकतो. पण हवा भरलेलं रबरी चाक, हवेची गादी किंवा चेंडू त्या वाऱ्यावर बघता बघता बाहेर जातो. मूल त्यात बसलेलं असेल तर तेही जातं, आणि चेंडू गेला तर मूल त्याच्या मागे जातं. समुद्रावर हवा भरलेली खेळणी नेऊच नका, हे माझं ठाम मत आहे. ती तलावासाठी असतात. दंडावर चढवायचे हवेचे पट्टेही निसटतात आणि त्यांच्या भरवशावर आईबाप निर्धास्त होतात, हे त्याहून वाईट. मुलांना घालायचंच असेल तर त्यांच्या वजनाचं, दोन पायांमधून पट्टा असलेलं लाइफ जॅकेट घाला.

किती वाजता जायचं हे समुद्र ठरवतो

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. काही समुद्रांत एकच येते, त्यामुळे तिथलं भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघाच. भरती ते ओहोटी साधारण सव्वासहा तास, आणि वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे या रविवारी पूर्ण ओहोटी दुपारी बाराला असेल तर पुढच्या रविवारी ती संध्याकाळी सहाच्या आसपास असते. तुमच्या ठरवलेल्या दिवशी वेळ जुळत नसेल तर सहल एक आठवडा पुढे ढकला. लहान मुलांच्या सहलीत एवढा फायदा दुसऱ्या कुठल्याच बदलाने होत नाही.

पाणी सहा तासांत एकसारखं चढत नाही, हेही ठाऊक असू द्या. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक, असा ढोबळ हिशेब असतो. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. म्हणून सुरुवातीला 'पाणी कुठे वाढतंय?' असं वाटतं आणि थोड्या वेळाने चटईखाली पाणी शिरतं. सपाट किनाऱ्यावर हे फारच वेगाने होतं. तिथे आणखी एक सापळा असतो. ओहोटीला वाळूचा लांब पट्टा उघडा पडतो, कुटुंब त्याच्या टोकाशी जाऊन बसतं. भरती सुरू झाली की पाणी समोरून येण्याआधी पाठीमागच्या खोलगट भागात भरतं. समोर सगळं कोरडं दिसत असतं आणि परतीच्या वाटेवर कंबरभर पाणी झालेलं असतं. खडकावर जाऊन बसणाऱ्यांचंही असंच होतं. जाताना पाय भिजलेच असतील, तर ती वाट सगळ्यात आधी बंद होणार आहे असं समजा.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं: पाणी खूप मागे हटतं आणि खूप वर येतं, म्हणून जाण्या-येण्याचा वेगही जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा चढउतार कमी. तुमच्या मुलांच्या वयाला भांगाचे दिवस सोयीचे.

माझी पसंती अशी: पूर्ण ओहोटी सकाळी नऊ-दहाच्या सुमारास असेल असा दिवस निवडा. तिच्या दीड-दोन तास आधी पोचा. त्या वेळी ओली, घट्ट, मोकळी वाळू असते आणि खडकांत पाण्याची डबकी उघडी पडलेली असतात. ओहोटीला रिप करंट बऱ्याचदा अधिक जोरात असतात, त्यामुळे हा वेळ मोकळ्या समुद्रात उतरण्याचा नाही. तो डबक्यांचा आणि वाळूचा. सहा वर्षांच्या मुलाला एका डबक्यापाशी बसवा आणि हलू नका म्हणा. सुरुवातीला काही दिसत नाही. मग एक शंख चालायला लागतो, कारण आत खेकडा राहायला आलेला असतो. कडेला चिकटलेलं लालसर लिबलिबीत काहीतरी हळूहळू पाकळ्या उघडतं, ते समुद्रफूल. त्या पाकळ्या भक्ष्य पकडण्यासाठी असतात. दगड उचलून बघितला तर तो होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवायला सांगा. खालच्या बाजूला राहणारे जीव उन्हात उघडे पडले की मरतात. खडकांवर मुलांच्या पायात मागे पट्टा असलेली पादत्राणं हवीत. हिरवं शेवाळ निसरडं असतं, आणि खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात.

ओहोटीनंतर तासाभराने खडकांवरून उठा, सामान वरच्या कोरड्या वाळूवर न्या. कालच्या भरतीने आणलेल्या काटक्या-शेवाळाची रेघ दिसेल, तिच्या बऱ्याच वर बसा. गाडीही तिथेच, त्या रेघेच्या खाली कधीच नको.

पाण्यावरची नजर

फ्रँक पिया हे न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक होते. खऱ्याखुऱ्या बुडण्याच्या घटनांचं चित्रीकरण करून त्यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं की बुडणारा माणूस ओरडत नाही आणि हात हलवत नाही. त्याला ते शक्यच नसतं. तोंड पाण्याखाली-वर होत असतं, वर आलं की श्वास घेण्यापुरताच वेळ मिळतो, हाक मारायला उरत नाही. हात आपोआप दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत असतात. शरीर उभं, डोकं मागे कललेलं, पाय जवळजवळ स्थिर. हे २० ते ६० सेकंद चालतं, लहान मुलांत आणखी कमी. लांबून बघणाऱ्याला वाटतं मूल पाण्यात उभं राहून वर बघतंय. दंगा करणारं मूल ठीक असतं. एकदम गप्प झालेल्या मुलाकडे धावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख माणसं बुडून दगावली आणि त्यातली जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालची मुलं होती. यात नद्या, विहिरी, टाक्या सगळं आलं. तुमच्या मुलीचं वय यात बसतं, म्हणून सांगतोय.

यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. एका वेळी एकच मोठा माणूस 'नजरेवर'. त्याच्या गळ्यात शिट्टी. शिट्टी गळ्यात आहे तोवर फोन नाही, पुस्तक नाही, डबा उघडणं नाही, फोटो नाहीत. पंधरा-वीस मिनिटांनी शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात घालायची आणि तोंडाने म्हणायचं, 'आता तू बघ'. सगळे मोठे जवळ असताना मुलं बुडतात ती नेमकी यामुळे, की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. आजींना शिट्टी द्यायला काहीच हरकत नाही, मात्र धावत पाण्यात जाऊ शकेल असा कुणीतरी त्यांच्या हाकेच्या अंतरावर मोकळा हवा.

अडीच वर्षांची मुलगी पाण्याजवळ असेल तर तिच्यापासून हातभर अंतरावर राहायचं. हात लांबवला की ती हाताला लागली पाहिजे. परतणारी लाट पायाखालची वाळू काढून नेते आणि एवढं मूल घोटाभर पाण्यातही पालथं पडतं. मुलगा त्याच्या कमरेच्या वर जाणार नाही, आणि तुम्ही त्याच्या समुद्राकडच्या बाजूला. दोन्ही मुलं पाण्यात असतील तर दोन मोठे पाण्यात. एक मोठा दमला असेल तर दोन्ही मुलं बाहेर. पोहण्याचे कपडे भडक घ्या, गडद नारिंगी, पोपटी, गुलाबी. निळा, पांढरा, राखाडी रंग पाण्यात आणि फेसात हरवतो.

मूल दिसेनासं झालं तर आधी पाणी बघा. तंबू, झाडी, गाडी नंतर. पाण्यात सेकंद मोजायचे असतात, वाळूवर तेवढी घाई नसते. पाणी बघून झालं की वाऱ्याच्या दिशेने शोधा. आम्हा जीवरक्षकांचा अनुभव असा, की हरवलेली लहान मुलं बहुतेकदा वारा पाठीवर घेऊन आणि ऊन डोळ्यांवर येणार नाही अशा बाजूला चालत राहतात.

कुणी पाण्यात अडकलं तर सरळ उडी टाकू नका. मुलाला वाचवायला गेलेले आईबाप बुडतात आणि मूल लाटेने बाहेर येतं, असं घडतं. आधी तरंगणारं काहीतरी फेका: झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, लाइफ जॅकेट, दोरी बांधलेलं काहीही. जावंच लागलं तर ते हातात घेऊनच जा. म्हणून एक रिकामा कॅन आणि पंधरा-वीस मीटर दोरी सोबत असू द्या. त्याचं वजन काहीच नाही.

बाहेर काढलेलं मूल श्वास घेत नसेल तर नुसती छाती दाबून भागत नाही. बुडण्यात मूळ तुटवडा ऑक्सिजनचा असतो, म्हणून तोंडाने श्वास द्यावाच लागतो आणि तिथूनच सुरुवात करायची असते. हे वाचून येत नाही. सहलीआधी एक दिवस काढून सीपीआरचं, म्हणजे छाती दाबून आणि श्वास देऊन जीव वाचवण्याचं, प्रशिक्षण दोघांनीही घ्या. मूल शुद्धीत आहे पण खोकला थांबत नाही, श्वास जलद आहे, मलूल पडलंय, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, उद्या बघू म्हणू नका.

निघण्याआधी घरच्या एखाद्या माणसाला नेमकी जागा आणि परतण्याची वेळ सांगून ठेवा. अशा किनाऱ्यांवर फोनला नेटवर्क नसतं. किनाऱ्याच्या किती आधी ते गेलं हे येतानाच बघून ठेवा, म्हणजे मदत मागायला कुठवर यायचं हे ठाऊक असेल.

वाळू, ऊन, जीवजंतू

वाळूत खड्डे खणणं मुलांना फार आवडतं आणि बहुतेकांना त्यातला धोका माहीत नसतो. ओली वाळू उभी राहते, सुकली की एकदम ढासळते, आणि त्यात गाडलेलं मूल आवाजही काढू शकत नाही. खड्डा भरून गेल्यावर जागा कुठली हेसुद्धा कळत नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये अशा ५२ घटनांची नोंद प्रसिद्ध केली. त्यात ३१ जण दगावले होते. नियम एवढाच: सगळ्यात लहान मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल नाही, भुयार तर नाहीच. उठताना खड्डा बुजवायचा. रात्री कासवाची पिल्लं समुद्राकडे निघतात तेव्हा तीही अशा खड्ड्यांत अडकतात. शांत किनाऱ्यांवर कासवं आणि किनारपक्षी अंडी घालतात, काही पक्ष्यांची अंडी तर उघड्या वाळूवर, खड्यांसारखी दिसतात. एखादा पक्षी ओरडत तुमच्या भोवती घिरट्या घालू लागला तर तुम्ही त्याच्या घरट्याजवळ आहात, मागे फिरा.

उन्हाचं बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून थोडक्यात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की मुलांना सावलीत घ्या. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मान झाकणारी टोपी हे सनस्क्रीनपेक्षा भरवशाचं. उरलेल्या अंगाला सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. छत्रीखालीही ऊन लागतं, कारण वाळू आणि फेस किरण परतवतात. सहा महिन्यांखालचं बाळ असेल तर त्याला सनस्क्रीन नको, सावली हवी. गडगडाट ऐकू आला की सगळ्यांनी पाण्यातून आणि वाळूवरून उठून गाडीत बसायचं, शेवटच्या गडगडाटानंतर अर्ध्या तासाने बाहेर यायचं.

वाळूवर पडलेली जेलीफिश मेलेली असली तरी तिचे धागे डंख करतात, मुलांना काठीनेही खेळू देऊ नका. डंख झाला तर चोळू नका, वाळू घासू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्या पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने काढा. बऱ्याच जातींच्या डंखाला सोसवेल इतक्या गरम पाण्याचा शेक उतार देतो; आधी मोठ्याने आपल्या हातावर बघायचं, मुलांची कातडी लवकर भाजते. श्वासाला त्रास, उलट्या किंवा अंगभर पुरळ दिसलं तर थेट दवाखाना. उथळ वाळूत पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, लपलेला असू शकतो, म्हणून पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चाला, तो आपणहून निघून जातो. आणि शंकूच्या आकाराचे सुंदर नक्षीदार शंख मुलांना उचलू देऊ नका. उष्ण समुद्रातल्या त्या शंखांत जिवंत गोगलगाय असली तर तिचा विषारी काटा माणसाचा जीव घेऊ शकतो.

एक गोष्ट मुलाला गाडीत जाताना सांगा, त्याला आवडेल. २६ डिसेंबर २००४ला टिली स्मिथ नावाची दहा वर्षांची मुलगी आईवडिलांबरोबर थायलंडमधल्या फुकेतच्या किनाऱ्यावर होती. पाण्याला विचित्र फेस आलेला तिने बघितला आणि काही दिवसांपूर्वी भूगोलाच्या तासाला शिकवलेली त्सुनामी तिला आठवली. तिने हट्ट धरला, वडिलांनी ऐकलं, किनारा रिकामा केला गेला आणि तिथली माणसं वाचली. भूकंप जाणवला किंवा वेळापत्रकात नसताना समुद्र मागे हटला, तर शिंपले गोळा करायला जायचं नाही, उंचावर पळायचं. सहा वर्षांच्या मुलाला हे कळतं.

सामानाचं फार सांगत नाही. पिण्याचं पाणी तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट, आणि पाय धुवायला वेगळं. शिट्टी, दोरी, कॅन, प्रथमोपचाराची पेटी, चिमटा, मोठं चादरीएवढं कापड, कोरड्या कपड्यांचे दोन जोड, कचऱ्याची पिशवी. सगळं एका फेरीत नेता आलं पाहिजे, कारण परतताना अडीच वर्षांची मुलगी कडेवर असणार आणि वाळू तापलेली. आजींसाठी पाठ टेकता येईल अशी घडीची खुर्ची न्या. वाळूत बसणं-उठणं गुडघ्यांना जड जातं. तिथे शौचालय नसेल हे धरूनच निघा. चार-पाच तास पुरे. मुलं दमली की त्यांचं ऐकणं आणि तुमचं बघणं, दोन्ही ढिलं पडतं.

मुलगी लाटांना घाबरते

घाबरू द्या. समुद्र तिच्यासाठी प्रचंड आहे, आवाज करतो, आणि अंगावर चालून येतो. तिला उचलून पाण्यात बुचकळून 'बघ, काही नाही झालं' म्हणणारे आईबाप मी खूप बघितलेत. त्या मुलांची भीती जात नाही, आईबापांवरचा भरवसा मात्र कमी होतो. दादालाही तिला चिडवू देऊ नका, पाणी उडवू देऊ नका.

ओहोटीच्या वेळी समुद्रापासून बऱ्याच अंतरावर, तिच्या घोट्याएवढ्या डबक्यात तिला बसवा. पाणी तेच, पण न हलणारं. बादली द्या, तिला ओतू द्या. मग कधीतरी ओल्या वाळूच्या रेघेपर्यंत चाला, लाटेचा फेस जिथे संपतो तिथे तुम्ही खाली बसा आणि तिला पाठीमागे उभं राहू द्या. फेस तुमच्या पायांना लागलेला तिने बघितला की पुरे. परत फिरायचं म्हणाली तर लगेच फिरा, म्हणजे पुढच्या वेळी ती पुन्हा येते. दिवसभरात पाय ओले झाले नाहीत तरी काही बिघडलं नाही.

आणि ती आपणहून पाण्याकडे चालू लागली, तर तिच्या मागे नका राहू. दोन पावलं पुढे जाऊन समुद्राकडच्या बाजूला उभे राहा, म्हणजे लाट आधी तुमच्यावर येईल.